प्रयोगशाळेतील सुरक्षितता : इतिहासाचा धडा आणि विद्यार्थ्यांचा हक्क

दहावी-बारावीनंतर डी.एम.एल.टी., परिचर्या किंवा औषधनिर्माणशास्त्र या अभ्यासक्रमांकडे वळणारे आपले अनेक माजी विद्यार्थी आहेत. वाशिम येथे 2024 साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाल्यामुळे रिसोड तालुक्यातील मुलामुलींना ही वाट अधिकच जवळची झाली आहे. यांतील बहुतेकांच्या घरात प्रयोगशाळेचा उंबरठा यापूर्वी कोणी ओलांडलेला नसतो. तेथे काय जपावे हे सांगणारे घरी कोणी नसते; आणि ‘हातमोजे संपले आहेत, असेच काम कर’ असे सांगितले गेले, तर नकार देण्याचे बळही शिकाऊ मुलाजवळ नसते. म्हणून हा विषय इतिहासाच्या आधाराने मांडत आहे.

1896 साली मुंबईत प्लेगची साथ पसरली. ओडेसा येथे जन्मलेले शास्त्रज्ञ वाल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजातील प्रयोगशाळेत प्लेगची लस तयार केली आणि 10 जानेवारी 1897 रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. त्यांची प्रयोगशाळा पुढे परळ येथे गेली. 1925 पासून ती हाफकिन संस्था म्हणून ओळखली जाते. त्याच 1897 च्या 10 मार्चला, पुणे परिसरात प्लेगग्रस्तांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांना मृत्यू आला. त्या काळी सेवा करणाऱ्याच्या रक्षणाची साधने जवळजवळ नव्हती. आज ती आहेत. साधने असताना ती न वापरणे हा त्याग नव्हे, शौर्य तर नव्हेच.

ऑक्टोबर 1902 मध्ये पंजाबातील मुल्कोवाल गावी 107 लोकांना मुंबईहून आलेली लस टोचण्यात आली. त्यांपैकी 19 जण धनुर्वाताने दगावले. हे एकोणीसही जण एकाच बाटलीतील लस घेतलेले होते; इतर बाटल्यांतील लस घेतलेल्यांना धनुर्वात झाला नाही. दोष मुंबईच्या प्रयोगशाळेवर आणि हाफकिन यांच्यावर आला व त्यांना पद सोडावे लागले. पुढील तपासात निराळीच बाब समोर आली. ती बाटली गावात उघडली जात असताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि पुरेसा निर्जंतुक न करताच तो पुन्हा वापरला गेला होता. रोनाल्ड रॉस यांच्यासह अनेक शास्त्रज्ञांनी हाफकिन यांची बाजू घेतली आणि 1907 मध्ये ते दोषमुक्त ठरले.

या घटनेतून दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. प्रयोगशाळेतील संकट बहुधा क्षणभराच्या ढिलाईतून येते. आणि कोणत्या बाटलीतून कोणाला लस दिली याची नोंद असल्यामुळेच दोष नेमका कोठे घडला हे शोधता येते. म्हणून प्रत्येक नमुन्यावर नाव, क्रमांक व वेळ त्याच क्षणी लिहावी; स्मरणावर विसंबू नये.

आता प्रत्यक्ष नियम पाहू. रोगनिदान प्रयोगशाळेत सर्वांत मोठा धोका सुईचा असतो. वापरलेल्या सुईवर टोपण पुन्हा बसवू नये. ती तत्काळ सुई कापणाऱ्या यंत्रात किंवा न भेदल्या जाणाऱ्या पांढऱ्या डब्यात टाकावी. 2016 च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार रक्ताने माखलेला कापूस पिवळ्या पिशवीत, हातमोजे व नळ्यांसारखे प्लॅस्टिक लाल पिशवीत आणि काच निळ्या खोक्यात जाते. चुकीच्या पिशवीत टाकलेली सुई पुढे सफाई कामगाराच्या हातात रुतते, हे विसरू नये.

पिपेट तोंडाने ओढू नये. सेंट्रिफ्यूज पूर्ण थांबल्याशिवाय झाकण उघडू नये. टेबलाजवळ खाणे-पिणे नको, हातमोजे घातलेल्या हाताने मोबाइलला स्पर्श नको. आम्ल सौम्य करताना आम्ल पाण्यात ओतावे, पाणी आम्लात कधीही नाही. रक्त सांडल्यास ते कागदाने झाकून 1 टक्का हायपोक्लोराइट ओतावे, किमान 10 मिनिटे थांबावे आणि मगच पुसावे.

सुई टोचलीच तर जखम साबण व वाहत्या पाण्याने धुवावी. ती पिळू नये, बोट तोंडात घालू नये. लगेच वरिष्ठांना सांगून शासकीय रुग्णालय गाठावे. एचआयव्हीची बाधा टाळणारी औषधे शक्यतो 2 तासांत आणि फार तर 72 तासांच्या आत सुरू व्हावी लागतात. ती 28 दिवस घ्यावी लागतात. बाधित सुईतून एचआयव्ही होण्याचा संभव हजारात सुमारे 3 असतो. लस न घेतलेल्या व्यक्तीला हिपॅटायटिस बी होण्याचा संभव मात्र शंभरात 6 ते 30 इतका असतो. म्हणून प्रवेश घेतानाच या लसीचे 0, 1 व 6 महिन्यांचे तीन डोस पूर्ण करावेत. लाजेपोटी किंवा ओरडा बसेल या भीतीने घटना लपवली, तर हीच मौल्यवान वेळ निघून जाते.

या सर्व नियमांच्या मुळाशी ‘युनिव्हर्सल प्रिकॉशन्स’, म्हणजे सर्वांसाठी सारखी दक्षता, हे तत्त्व आहे. प्रत्येकाचे रक्त संसर्गकारक समजूनच हाताळायचे. रुग्ण सावकार असो वा शेतमजूर, ओळखीचा असो वा परका, हातमोजे सर्वांसाठी सारखेच. आपल्या समाजाने जन्मावरून पाळलेला विटाळ शतकानुशतके सोसला. हातमोजा हा विटाळ नव्हे. विटाळ माणसाला दूर ठेवत होता; हातमोजा जंतूला दूर ठेवतो, म्हणूनच माणसाजवळ निर्धास्तपणे जाता येते. घाणीचे आणि धोक्याचे काम उघड्या हातांनी करणे हे कोणाच्याही वाट्याला जन्माने आलेले नाही, हेही यातच आले.

पालकांना विनंती की प्रवेशाच्या वेळी शुल्काबरोबरच आणखी तीन प्रश्न विचारावेत : हातमोजे व मुखपट्टी संस्था पुरवते का? हिपॅटायटिस बी ची लस दिली जाते का? सुई टोचल्यास कोणाकडे जायचे हे लिहून लावले आहे का? आणि या क्षेत्रात स्थिरावलेल्या माजी विद्यार्थ्यांनी सुटीत शाळेत येऊन आपल्या धाकट्या भावंडांना हे नियम हातांनी करून दाखवावेत. पुस्तकातून पाठ केलेला नियम ऐन वेळी आठवेलच असे नाही. हाताला लागलेली सवय मात्र सहसा सुटत नाही.