नव्या दृष्टीचे चित्रकार

चित्र कशाचे काढावे व ते कसे काढावे, हे कोणी ठरवावयाचे? एकोणिसाव्या शतकातील फ्रान्समध्ये हा अधिकार पॅरिसच्या ललितकला अकादमीकडे होता. धर्मकथा, पुराणकथा आणि इतिहासातील वीर पुरुष हेच थोर चित्रांचे विषय होत, असा तिचा दंडक असे. चित्राचा पृष्ठभाग आरशासारखा गुळगुळीत असावा, कुंचल्याची खूणही त्यावर उमटू नये, अशी अपेक्षा असे. 'सालों' नावाच्या सरकारी प्रदर्शनात ज्याचे चित्र स्वीकारले जाई, त्यास ग्राहक मिळत. ज्याचे नाकारले जाई, त्यास पोटाची चिंता पडे.

या दंडकास पहिला मोठा धक्का दिला गुस्ताव कूर्बे याने. आपल्या ऑर्नां गावातील एका अंत्यविधीचे त्याने सहा मीटरांहून अधिक रुंद असे चित्र रंगविले. राजे व देवदूत यांच्यासाठी राखून ठेवलेल्या भव्य आकारात साधी गावकरी मंडळी उभी राहिलेली पाहून अनेक टीकाकार संतापले.

पुढे १८६३ साली सालोंच्या परीक्षकांनी निम्म्याहून अधिक चित्रे नाकारली. तक्रारी वाढल्या, तेव्हा सम्राट तिसरा नेपोलियन याने नाकारलेली चित्रे वेगळ्या दालनात मांडण्याची अनुज्ञा दिली. लोक झुंडीने आले. पण बरेचसे हसण्यासाठीच! एदुआर माने याच्या चित्राची सर्वांत अधिक कुचेष्टा झाली. तरुण चित्रकारांना मात्र त्यातून धीर मिळाला.

काळही त्यांना अनुकूल होता. १८३९ साली छायाचित्रणाची कला जगापुढे आली. हुबेहूब प्रतिमा यंत्रच उतरवू लागले. मग चित्रकाराने वेगळे काय करावे, हा प्रश्न पुढे आला. १८४१ साली जॉन रँड या अमेरिकन चित्रकाराने रंग भरण्याच्या धातूच्या नळ्या शोधून काढल्या. रंग बरोबर नेणे त्यामुळे सोपे झाले, आणि आगगाडीने चित्रकारांना नदीकाठी व समुद्रतीरी पोहोचविले. उघड्यावर बसून पाहताना त्यांना दिसले, की सावली नेहमी काळी नसते. बर्फावरील सावली निळसर भासते. प्रकाश तर क्षणाक्षणाला पालटतो. तो पकडण्यासाठी ते शुद्ध रंगांचे लहान लहान फटकारे झरझर मारू लागले.

१८७४ च्या एप्रिल महिन्यात मोने, रन्वार, दगा, पिसारो, सेझान, बेर्त मोरिझो इत्यादी तीस कलावंतांनी नादार या छायाचित्रकाराच्या जुन्या चित्रशाळेत स्वतःचे प्रदर्शन भरविले. तेथे क्लोद मोने याचे एक चित्र होते. धुक्याने वेढलेले ल आव्र बंदर, अंधुक नौका आणि पाण्यावर थरथरणारे सूर्याचे केशरी प्रतिबिंब! चित्राच्या नावात 'इम्प्रेशन', म्हणजे मनावर उमटलेला ठसा, हा शब्द होता. लुई लरुआ या टीकाकाराने तोच उचलून साऱ्या मंडळींची थट्टा केली. पण थट्टेने दिलेले ते नाव चित्रकारांनी पुढे अभिमानाने मिरविले. त्यांच्या संप्रदायास मराठीत दृक्प्रत्ययवाद असे म्हणतात.

१८८६ पर्यंत त्यांची आठ प्रदर्शने झाली. मोने याने पुढे शेतातील गंजींची चित्रे निरनिराळ्या वेळी व ऋतूंत पुनःपुन्हा रंगविली. गंजी त्याच, पण प्रकाश पालटला की चित्रच पालटे. सेझान, व्हॅन गॉग, गोगँ यांनी या वाटेवरून निघून आपापल्या स्वतंत्र वाटा शोधल्या. त्यांतूनच विसाव्या शतकातील आधुनिक चित्रकला घडली.

ज्यांची एके काळी टर उडविली गेली, ती माने व मोने यांची चित्रे आज पॅरिसच्या संग्रहालयांत मानाने झळकत आहेत. दुसऱ्याने आखून दिलेले पाहावयाचे, की आपल्या डोळ्यांना दिसते ते प्रामाणिकपणे पाहावयाचे, हा त्या चित्रकारांपुढील प्रश्न होता. त्यांनी दुसरा मार्ग पत्करला आणि त्यासाठी दारिद्र्य व उपहास सोसला.