अभिजात अॅनिमेशनपटांच्या छायाचित्रसदृश पुनर्निर्मिती आणि प्रेक्षकांचा प्रतिसाद : विशेष संदर्भ ‘द जंगल बुक’

प्रस्तावना

रुडयार्ड किपलिंग यांचे ‘द जंगल बुक’ हे पुस्तक १८९४ मध्ये प्रसिद्ध झाले. मोगलीच्या कथांना पार्श्वभूमी म्हणून लाभलेला सिवनीचा डोंगराळ मुलूख नागपूरच्या उत्तरेस, सातपुड्याच्या परिसरात आहे. मध्यप्रांताच्या काळात नागपूर ही राजधानी होती व सिवनी हा त्या प्रांतातील एक जिल्हा होता. आजचा पेंच व्याघ्र प्रकल्प महाराष्ट्र व मध्य प्रदेश या दोन्ही राज्यांत विस्तारलेला असून त्याचा महाराष्ट्रातील भाग नागपूर जिल्ह्यात येतो. मोगलीची कथा या अर्थाने नागपूरकरांच्या शेजारची कथा होय.

याच कथेवर वॉल्ट डिस्ने कंपनीने १९६७ मध्ये रेखाटनांचा अॅनिमेशनपट काढला आणि २०१६ मध्ये त्याचीच छायाचित्रसदृश पुनर्निर्मिती पडद्यावर आणली. नंतर ‘द लायन किंग’ (१९९४) या चित्रपटाचीही २०१९ मध्ये तशीच पुनर्निर्मिती झाली. या चित्रपटांना प्रेक्षकांनी प्रचंड गर्दी केली. परंतु ‘जुन्याची सर नाही’ ही तक्रारही तितक्याच ठळकपणे ऐकू आली. खऱ्या प्राण्यासारखा न दिसणारा रेखाटलेला प्राणी प्रेक्षकांना जवळचा वाटतो आणि हुबेहूब दिसणारा प्राणी परका वाटतो, असे का घडते? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार केला आहे.

पुनर्निर्मितीचे स्वरूप

सर्वप्रथम एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. हे चित्रपट ‘खरेखुरे चित्रित केलेले’ आहेत असे सर्रास म्हटले जाते. वस्तुतः जॉन फॅवरो दिग्दर्शित ‘द जंगल बुक’ (२०१६) हा लॉस एंजेलिस येथील स्टुडिओत तयार झाला. त्यात मोगलीची भूमिका करणारा नील सेठी हा बालकलाकार तेवढा प्रत्यक्ष आहे; प्राणी आणि अरण्य संगणकावर घडविलेले आहेत. याच दिग्दर्शकाच्या ‘द लायन किंग’मध्ये (२०१९) सुरुवातीच्या सूर्योदयाचे एकच दृश्य प्रत्यक्ष चित्रित केलेले आहे. गोल्डन ग्लोब पुरस्कारांसाठी हा चित्रपट अॅनिमेशनपटांच्या गटातच नामांकित झाला होता. सारांश, जुना व नवा असे दोन्ही चित्रपट मूलतः अॅनिमेशनच होत. भेद आहे तो शैलीचा. भरताच्या परिभाषेत सांगावयाचे तर जुनी शैली नाट्यधर्मी आहे आणि नवी शैली लोकधर्मी असल्याचा आभास निर्माण करते.

चित्रतुरगन्याय आणि प्रेक्षकाची प्रतीती

प्रेक्षकांच्या अस्वस्थतेचा उलगडा भारतीय साहित्यशास्त्रातील एका जुन्या न्यायाच्या साहाय्याने होऊ शकतो. रससूत्राचे विवेचन करताना श्रीशंकुक यांनी चित्रतुरगन्याय मांडला. चित्रातील घोडा पाहून आपण ‘हा घोडा आहे’ असे म्हणतो. ही प्रतीती सम्यक्, मिथ्या, संशय आणि सादृश्य या चारही प्रकारच्या प्रतीतींहून निराळी असते. चित्रातील घोडा खरा की खोटा, असा प्रश्न रसिकाला पडत नाही.

१९६७ च्या चित्रपटातील नाचणारे अस्वल हे असेच चित्रतुरग होय. ते दोन पायांवर नाचते, गाते. परंतु त्याबद्दल कोणी हरकत घेत नाही, कारण अस्वलाचे खरेपण सिद्ध करण्याचा दावाच चित्राने केलेला नसतो. छायाचित्रसदृश प्रतिमा मात्र हा दावा करते. केसन् केस, स्नायूंची हालचाल, अंगावरचा चिखल दाखवून ती प्रेक्षकाला ‘हे खरे आहे’ असे सांगते. दावा आला की पडताळा आला. मग तोच प्राणी बोलू लागताच सादृश्याची तुलना आणि संशय हे दोन्ही जागे होतात.

पडताळ्याचे हे बंधन निर्मात्यांवरही पडते. १९६७ च्या चित्रपटातील वानरांचा राजा लुई हा ओरांगउटान होता. ओरांगउटान भारतात आढळत नाही, म्हणून २०१६ मध्ये त्याच्या जागी जायगँटोपिथेकस हा नामशेष झालेला महाकाय वानर आणण्यात आला. वास्तवाच्या आग्रहापायी पृथ्वीवर आज अस्तित्वात नसलेल्या प्राण्याचा आश्रय घ्यावा लागला, हा त्यातील विरोधाभास लक्षणीय आहे.

चेहरा आणि भावाभिव्यक्ती

दुसरे कारण अनुभावांशी निगडित आहे. रेखाटनकार सिंहाला भुवया देतो, डोळे मोठे करतो, ओठ मुडपतो. म्हणजेच प्राण्याच्या चेहऱ्यावर मानवी अनुभाव चढवितो. मुफासाच्या मृत्यूनंतर १९९४ च्या चित्रपटातील छाव्याच्या चेहऱ्यावर शोक स्पष्ट दिसतो. २०१९ च्या चित्रपटात छाव्याचा चेहरा खऱ्या छाव्याच्या मर्यादेतच राहतो आणि शोकाचा बहुतांश भार आवाजावर येतो. प्राण्यांचे चेहरे निर्विकार वाटतात, हा अनेक समीक्षकांचा आक्षेप याच ठिकाणी उद्भवतो. राजा होण्यास उतावीळ झालेल्या सिंबाचे गाणे जुन्या चित्रपटात भडक रंगांत आणि प्राण्यांच्या मनोऱ्यांनी नटलेले होते. नव्या चित्रपटात तो केवळ पाणवठ्यावरून धावत जातो.

याच्या उलट टोकाचा प्रयोग म्हणजे अँडी सर्किस दिग्दर्शित ‘मोगली’ (२०१८) हा चित्रपट. तो डिस्नेपटाची पुनर्निर्मिती नसला तरी तुलनेसाठी उपयुक्त आहे. त्यात नटांच्या चेहऱ्यावरील हालचाली टिपून त्या प्राण्यांच्या मुखांवर बसविल्या गेल्या. भाव दिसू लागले. परंतु वाघाच्या मुखातून माणूस डोकावत असल्याचा विचित्र भासही अनेकांना झाला. जपानी संशोधक मासाहिरो मोरी यांनी १९७० मध्ये मांडलेल्या विचारानुसार मानवसदृश आकृती माणसाच्या अगदी जवळ पोहोचते, पण पूर्णतः माणूस होत नाही, तेव्हा आपुलकीच्या जागी अस्वस्थता निर्माण होते. यालाच त्यांनी ‘दरी’ म्हटले. यंत्रमानवाविषयीचा हा विचार सर्किस यांच्या प्राण्यांनाही बऱ्याच अंशी लागू पडतो.

मूळ कृती कोणती?

प्रेक्षक पुनर्निर्मितीची तुलना ‘मुळाशी’ करतो, असे गृहीत धरले जाते. परंतु हे मूळ सर्वत्र एकच नसते. १९९० च्या दशकात बालपण गेलेल्या अनेक मराठी प्रेक्षकांच्या मनातील मोगली १९६७ च्या चित्रपटातला नव्हे. तो दूरदर्शनवर १९९३ मध्ये हिंदीतून दाखविल्या गेलेल्या जपानी मालिकेतला आहे. त्या मालिकेचे शीर्षकगीत गुलजार यांनी लिहिले व विशाल भारद्वाज यांनी स्वरबद्ध केले. शेरखानला आवाज नाना पाटेकर यांनी दिला.

ही स्मृती वितरकांनी नेमकी ओळखली. २०१६ मध्ये भारतातील प्रसिद्धीसाठी ते गीत नव्याने ध्वनिमुद्रित करण्यात आले आणि हिंदी आवृत्तीत शेरखानचा आवाज पुन्हा नाना पाटेकर यांचाच ठेवण्यात आला. बल्लूसाठी इरफान खान व बगीरासाठी ओम पुरी यांचे आवाज योजले गेले. ८ एप्रिल २०१६ रोजी, अमेरिकेच्या एक आठवडा आधी, चित्रपट भारतात प्रदर्शित झाला आणि त्याला असाधारण यश मिळाले. प्रतिमा पूर्णतः नवी असूनही ओळखीचा आवाज ऐकताच तिचे परकेपण कमी होते, असे यावरून म्हणता येईल. स्मृती ही डोळ्यांइतकीच कानांचीही असते.

‘द लायन किंग’ने जगभरात १६० कोटी डॉलरहून अधिक उत्पन्न मिळविले, तेव्हा तक्रारींना अर्थ काय, असा प्रश्न कोणी विचारील. परंतु गर्दी आणि तक्रार यांत विसंगती नाही. ज्या स्मृतीमुळे प्रेक्षक तिकीट काढतो, तीच स्मृती त्याला आत बसल्यावर तुलना करावयास लावते.

भीती आणि वास्तव

२०१६ मध्ये चित्रपट परीक्षण मंडळाने ‘द जंगल बुक’ला ‘यू/ए’ प्रमाणपत्र दिले. त्रिमितीय दृश्ये लहान मुलांना भीतिदायक वाटतील, असे कारण तत्कालीन अध्यक्षांनी सांगितले. त्या निर्णयाची बरीच थट्टा झाली. तथापि त्यामागील निरीक्षण पूर्णतः निराधार नव्हते. रेखाटलेला शेरखान खलनायक वाटतो. छायाचित्रसदृश शेरखान ‘वाघ’ वाटतो.

येथेच हा विषय मनोरंजनाच्या पलीकडे जातो. पेंचच्या सीमेवरील गावांना वाघ हा रोजच्या व्यवहारातला शेजारी आहे. त्याची भीती आहे, तसेच वाघोबा म्हणून त्याला पूजण्याची परंपराही महाराष्ट्रात आहे. शहरातील विद्यार्थ्याला मात्र वाघाचा प्रथम परिचय पडद्यावरच होतो. सूडाने पेटलेला वाघ चित्रात दिसला तर तो कथेतला वाघ ठरतो; तोच हुबेहूब दिसला तर वाघाच्या स्वभावाविषयीचा पुरावा ठरण्याचा धोका संभवतो. पडद्यावरील बल्लूही तपकिरी व अवाढव्य आहे. सातपुड्यातील अस्वल काळे आणि आकाराने बरेच लहान असते. दिसण्यातील वास्तव म्हणजे वर्तनातील वा निसर्गातील वास्तव नव्हे, हा विवेक चित्रपटाच्या अध्यापनात जाणीवपूर्वक रुजवावा लागेल.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, छायाचित्रसदृश पुनर्निर्मितीविषयीची नाराजी केवळ स्मरणरंजनातून येत नाही. प्रतिमेने केलेला वास्तवाचा दावा आणि कथेची नाट्यधर्मी प्रकृती यांतील विसंवाद हे तिचे प्रमुख कारण आहे. दुसरी, प्रेक्षकाच्या दृष्टीने ‘मूळ’ कृती त्याची भाषा, पिढी व माध्यम यांवर अवलंबून असते. तिसरी, वास्तवसदृश प्रतिमा जितकी प्रभावी, तितकी तिची चिकित्सा अधिक आवश्यक. नागपूरपासून अवघ्या काही तासांच्या अंतरावर मोगलीचे अरण्य आजही उभे आहे. चित्रपट पाहिलेल्या विद्यार्थ्यांना एकदा त्या अरण्यात नेणे, हा या चिकित्सेचा सर्वांत सोपा व परिणामकारक मार्ग ठरू शकेल.