बेडूक नर की मादी, हे ठरतं तरी कधी?

पावसाळा सुरू झाला की शाळेमागच्या डबक्यात काळी, शेपटीवाली पिल्लं वळवळताना दिसतात. मुलं त्यांना मासेच समजतात. नववीचा वर्ग तिथे नेला, तेव्हा एकाने विचारलं, "बाई, यातला नर कोणता आणि मादी कोणती?" मी म्हटलं, "बाहेरून पाहून नाही सांगता येत." लगेच पुढचा प्रश्न आला, "मग ते ठरतं कधी?"

प्रश्न साधा आहे, पण उत्तर आपल्या पुस्तकातल्या एक्स-वायपेक्षा बरंच पुढे जातं. म्हणून हा पाठ.

आधी माणसाचं आठवूया

आईच्या प्रत्येक अंड्यात एक्स गुणसूत्र असतं. वडिलांच्या शुक्राणूत एक्स किंवा वाय असतं. एक्स आला तर मुलगी, वाय आला तर मुलगा. म्हणजे मुलगा की मुलगी, हे वडिलांकडून आलेल्या गुणसूत्रावर ठरतं.

बेडकांमध्ये दोन पद्धती

काही बेडकांमध्ये आपल्यासारखीच एक्स-वाय पद्धत असते. काहींमध्ये उलट, पक्ष्यांसारखी झेड-डब्ल्यू पद्धत असते. तिथे नर झेड-झेड आणि मादी झेड-डब्ल्यू, म्हणजे पिल्लाचं लिंग आईकडून आलेल्या गुणसूत्रावर ठरतं. प्रयोगशाळांत वापरला जाणारा आफ्रिकेतला नखवाला बेडूक या दुसऱ्या गटातला. त्याच्या डब्ल्यू गुणसूत्रावरचं मादी घडवणारं जनुक जपानी शास्त्रज्ञांनी २००८ साली शोधलं.

जपानमध्ये तर बेडकाची एक अशी जात आहे की तिच्या काही भागांतल्या बेडकांत एक्स-वाय पद्धत आहे आणि काही भागांतल्या बेडकांत झेड-डब्ल्यू. एकाच जातीत दोन्ही!

ग्रंथी आधी दोन्हीकडे जाऊ शकते

पिल्लाच्या पोटात सुरुवातीला जी जननग्रंथी तयार होते, ती ना वृषण असते ना अंडाशय. तिला बाहेरचा थर असतो आणि आतला गाभा असतो. बाहेरचा थर वाढला तर अंडाशय होतो, आतला भाग वाढला तर वृषण होतं. कोणता भाग वाढवायचा याची दिशा जनुकं देतात आणि पुढचं काम संप्रेरकं करतात. शरीरातलं ॲरोमाटेज नावाचं विकर नर-संप्रेरकाचं रूपांतर मादी-संप्रेरकात करतं. ते जास्त असेल तर ग्रंथी अंडाशयाकडे झुकते.

युरोपातल्या साध्या बेडकाचा अभ्यास एमिल विची यांनी गेल्या शतकाच्या सुरुवातीला केला. काही भागांत त्यांना असं दिसलं की शेपूट गळून बेडूक झालेल्या सगळ्याच पिल्लांत अंडाशय आहेत. पुढे त्यातल्या साधारण निम्म्यांचे अंडाशय बदलून वृषण झाले.

आणि आपल्या अंगणात दिव्याखाली किडे खायला येणारा, खरखरीत कातडीचा भेक? या कुळातल्या नरांमध्ये वृषणाच्या पुढच्या टोकाला अंडाशयासारखा एक छोटा अवयव असतो. त्याला बिडरचा अवयव म्हणतात. प्रयोगात वृषण काढून टाकल्यावर हाच अवयव वाढून अंडाशय झाल्याचं दिसलं आहे.

पाणी बदललं की काय होतं?

बेडकाच्या अंड्याला कवच नसतं. पिल्लाची कातडीही पातळ. त्यामुळे पाण्यात जे असेल ते थेट शरीरात जातं. पाण्यात मादी-संप्रेरक मिसळून वाढवलेल्या नखवाल्या बेडकाच्या पिल्लांपैकी जवळजवळ सगळ्या माद्या होतात, गुणसूत्रं काहीही असोत. तापमानाचंही तसंच. स्पेनकडच्या एका सॅलमँडरची पिल्लं ३२ अंशाच्या आसपास गरम पाण्यात वाढवली, तर झेड-डब्ल्यू पिल्लंही नर होतात.

आता आपल्या शेताशी जोडलेली गोष्ट. मका आणि उसातल्या तणासाठी ॲट्राझिन हे तणनाशक वापरतात, शेतकऱ्यांच्या घरात हे नाव ओळखीचं असेल. अमेरिकेत टायरोन हेज यांनी नर गुणसूत्रं असलेले ४० नखवाले बेडूक लहानपणापासून अगदी कमी ॲट्राझिन असलेल्या पाण्यात वाढवले. किती कमी? दहा हजार लिटरच्या टँकरमध्ये फक्त २५ मिलिग्रॅम. २०१० साली त्यांनी निष्कर्ष छापला: सुमारे १० टक्के पूर्ण माद्या झाल्या आणि त्यांनी अंडीही घातली. अशा झेड-झेड मादीची जोडी झेड-झेड नराशी जमली, तर सगळी पिल्लं झेड-झेड, म्हणजे नरच. असं वाढत गेलं तर पुढच्या पिढीत अंडी घालणार कोण?

दुसरी बाजूही मुलांना सांगावी. इतर काही प्रयोगशाळांना असा परिणाम दिसला नाही आणि हा वाद बरीच वर्षं चालला. शिवाय अमेरिकेतल्या जंगलातल्या तळ्यांतही लिंग बदललेले बेडूक सापडले आहेत. म्हणजे प्रत्येक बदलामागे रसायनच असतं असं नाही. युरोपीय संघाने मात्र ॲट्राझिनला परवानगी ठेवलेली नाही.

शिकवताना एक काळजी घ्या

हा पाठ ऐकून एखादं मूल म्हणेल, "मग औषधाने पोटातल्या बाळाचंही बदलता येत असेल!" मुलगा व्हावा म्हणून पुड्या आणि काढे देणारे लोक आपल्या आजूबाजूला आजही आहेत. म्हणून तिथेच थांबून स्पष्ट सांगा. बेडकाचं पिल्लू उघड्या पाण्यात वाढतं आणि त्याची ग्रंथी बाहेरच्या गोष्टींनी वळते. माणसात कोणताही काढा, आहार किंवा पूजा वडिलांकडून आलेलं एक्स वाय करू शकत नाही. अशा औषधांनी बाळाला अपाय मात्र होऊ शकतो. गर्भलिंग तपासणी तर १९९४ च्या कायद्याने गुन्हा आहे. पालकांनीही हे घरात मोकळेपणाने बोलावं.

वर्गात करून बघा

१. मुलांना दोन चौकटी काढायला लावा: एक्स-एक्स आणि एक्स-वाय, मग झेड-झेड आणि झेड-डब्ल्यू. दोन्हीत पिल्लाचं लिंग कुणाकडून ठरलं, हे त्यांनाच शोधू द्या.

२. तिसरी चौकट झेड-झेड मादी आणि झेड-झेड नराची. उत्तर आलं की वर्ग आपोआप गप्प होतो.

३. डबक्याकडे नेऊन पिल्लं बघू द्या, पकडून बाटलीत आणू नका. फवारणीचा पंप कुठे धुतला जातो आणि ते पाणी कुठे जातं, हे मुलांना घरी विचारून यायला सांगा. माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलांचं उत्तर होतं, "ओढ्यात." पुढचा पूर्ण तास आम्ही त्यावरच बोललो.