मोरोक्कोच्या सहलीची आखणी

तांजीर येथें १३०४ सालीं जन्मलेला इब्न बतूता १३२५ मध्यें घराबाहेर पडला, दिल्लीस महंमद तुघलकाच्या पदरीं कांहीं वर्षें काढून पुढें दौलताबाद व नंदुरबारच्या वाटेनें खंबायतेस गेला, आणि कायमचा मायदेशीं परतला तेव्हां जवळजवळ तीस वर्षें उलटून गेलीं होतीं. मोरोक्कोहून महाराष्ट्रांत येऊन गेलेल्या या गृहस्थास रजेची काळजी नव्हती. उलट दिशेनें जाऊं पाहणाऱ्या आजच्या मराठी कुटुंबापाशीं मात्र मोजके आठ-दहा दिवस असतात, आणि तेवढ्यांत सारा देश बसविण्याच्या हौसेपायींच सहलीचा विचका होतो.

अरबी भाषेंत या देशाचें नांव अल्-मग्रिब, म्हणजे मावळतीचा मुलूख. नकाशा पुढें घेऊन बसलें म्हणजे त्यांतील सारींच ठिकाणें हाताशीं आल्यासारखीं वाटतात: मराकेशचे बाजार, फेसच्या गल्ल्या, शेफशावनच्या निळ्या भिंती, एसावीराचा समुद्रकिनारा आणि उंटावर बसून पाहावयाचा वाळवंटांतील सूर्यास्त. परंतु या देशाच्या मधून नैर्ऋत्येकडून ईशान्येकडे अ‍ॅटलास पर्वताच्या रांगा पसरल्या आहेत. त्यांतील तूबकाल हें शिखर ४१६७ मीटर, म्हणजे उत्तर आफ्रिकेंतील सर्वांत उंच. पर्वताच्या अलीकडे पाऊस, शेती, मोठीं शहरें व आगगाडी. पलीकडे उजाड पठारें, खजुरीचे मळे आणि सहारा. सहलीचा पहिला प्रश्न हाच, कीं पर्वत ओलांडावयाचा कीं नाहीं. विमानाचीं तिकिटें काढण्यापूर्वींच त्याचें उत्तर ठरलें पाहिजे.

पर्वताच्या अलीकडे हिंडणें सुखाचें आहे. तांजीर ते कासाब्लांका हें ३२३ किलोमीटरांचें अंतर २०१८ सालीं सुरू झालेली अतिवेगवान गाडी सव्वादोन तासांच्या आंतबाहेर काटते. फेसहून मराकेशपर्यंतहि आगगाडीनें जातां येतें. मात्र त्यास दिवसाचा मोठा भाग द्यावा लागतो. दक्षिणेकडे जाणारी आगगाडी मराकेशलाच थांबते. पुढें मोटार.

आणि वाळवंट तर त्याच्याहि पुष्कळ पुढें आहे. चित्रांत दिसणाऱ्या त्या उंच सोनेरी वाळूच्या टेकड्या मेर्झूगा गांवाजवळ आहेत. मराकेशहून तेथवर साडेपांचशें किलोमीटरांहून अधिक अंतर पडतें. मुंबईहून पणजीस जावयाचें, आणि वाटेंत आंबोलीच्या तिपटीहूनहि उंच असा घाट चढावयाचा, अशी कल्पना करावी. टिझी-न-टिश्काची खिंड २२६० मीटर उंचीवर आहे. मराकेशमध्यें तीन दिवसांचा जो फेरा सर्रास विकला जातो, त्यांत वाळूवर एक संध्याकाळ व एक पहाट लाभते. उरलेला बहुतेक वेळ मोटारींत जातो. बरोबर वडीलधारीं माणसें असतील तर हा हिशेब अधिकच जड वाटेल. म्हणून आठच दिवस असल्यास वाळवंट सोडून द्यावें. मुलांचीं तोंडें उतरतील, तरीहि सोडावें. मराकेशजवळील अगाफे येथें जें ‘वाळवंट’ म्हणून दाखवितात तो खडकाळ माळ आहे. तो सुंदर आहे, पण तेथें वाळूच्या टेकड्या नाहींत, हें जाणून जावें.

दहा-बारा दिवस असतील तर गोष्ट निराळी. अशा वेळीं आल्या वाटेनें परतूं नये. मराकेशहून निघून अैत बेनहद्दू येथील मातीचा तटबंद गांव पाहावा, दोन मुक्काम करीत मेर्झूगास पोंचावें, आणि तेथून उत्तरेस देवदारांच्या जंगलांतून फेसला उतरावें. फेसहून आगगाडीनें कासाब्लांका, व तेथून विमान. ८ सप्टेंबर २०२३ च्या भूकंपांत मराकेशच्या दक्षिणेकडील डोंगराळ मुलखांत सुमारें तीन हजार माणसें दगावलीं. त्या बाजूच्या खेड्यांत जावयाचें असल्यास रस्त्यांची व निवाऱ्याची चौकशी आधीं करावी.

ऋतूच्या बाबतींत मराठी घरांचें दैव चांगलें. जुलै-ऑगस्टांत मराकेशचा पारा चाळीस अंशांपलीकडे जातो, आणि हिवाळ्यांत वाळवंटांतील रात्र गोठविते. पण एप्रिल-मे आणि दिवाळी या दोन्ही सुट्या नेमक्या तेथील उत्तम हवेच्या दिवसांत पडतात. रमजान मात्र पंचांगांत पाहून घ्यावा. तो दरवर्षीं सुमारें अकरा दिवस अलीकडे सरकतो. त्या महिन्यांत दिवसा बहुतेक खाणावळी बंद असतात, आणि २०१८ च्या निर्णयाप्रमाणें घड्याळेंहि एक तास मागें घेतात. गाडी चुकण्यास तेवढें पुरे.

फेसला निदान दोन रात्री द्याव्यात. जुन्या शहराच्या गल्ल्यांत मोटार शिरत नाहीं; सामान हातगाडीवर किंवा गाढवावर जातें. ८५९ सालीं फातिमा अल्-फिहरी या स्त्रीनें स्थापिलेली करवीयिन मशीद मुसलमानेतरांस दारांतूनच पाहावी लागते. जवळच्या बू-इनानिया मदरशाच्या चौकांत मात्र जातां येतें. तो बांधविणाऱ्या अबू इनान सुलतानाच्याच आज्ञेवरून इब्न बतूतानें आपला वृत्तांत सांगून लिहविला होता. कासाब्लांकाची १९९३ सालची हसन द्वितीय मशीद ठराविक वेळीं सर्वांस खुली असते.

उतरावयास जुन्या शहरांतील ‘रियाद’ निवडावा. बाहेरून कोरी भिंत व आंत उघडें अंगण, अशी ही घरें पाहून चौसोपी वाड्याची आठवण होते. जिने वाड्यांतल्यासारखेच अरुंद व उभे. वृद्धांसाठीं तळमजल्याची खोली आधींच मागून ठेवावी.

शाकाहारी मंडळींनीं एक गोष्ट ध्यानांत धरावी. शुक्रवारीं दुपारीं घरोघर होणारा कुसकुस, म्हणजे वाफवलेल्या रव्याच्या कण्या, वर भाज्याच असल्या तरी पुष्कळदां मांसाच्या रश्शांत शिजविलेला असतो. ‘मांस नको’ एवढें सांगून भागत नाहीं. रस्सा कशाचा, हें विचारावें लागतें. पण उपास घडण्याचें कारण नाहीं. वालासारख्या मोठ्या सुक्या दाण्यांचें ‘बिसारा’ नांवाचें घट्ट कढण, वर ऑलिव्हचें तेल व जिरेपूड, हें पिठल्यावर वाढलेल्या जिभेस पहिल्याच घासाला ओळखीचें वाटतें. ‘झालूक’ तर टोमॅटो घातलेलें वांग्याचें भरीतच. पुदिन्याच्या चहांत साखर किटलींतच पडते. कमी हवी तर आधीं सांगावें.

भारतीयांस व्हिसा लागतो. मोरोक्कोचें नाणें दिरहम. तें देशाबाहेर नेण्यावर निर्बंध आहेत. तेव्हां लागेल तसे थोडथोडे पैसे तेथेंच बदलावेत, पावत्या जपाव्यात, आणि उरलेले दिरहम परततांना विमानतळावर शेवटच्या तपासणीपूर्वींच मोडून घ्यावेत. मुंबईस उतरल्यावर त्यांस विचारणारा क्वचितच भेटतो.