झील धरणारे हात

आमच्या भीमाकाठच्या वडगाव रासाईत भजन रंगलं की गाणारे आणि ऐकणारे असे दोन गट उरत नाहीत. बुवा ओळ म्हणतात, मागचे झील धरतात, दाराशी उभा असलेलाही टाळी देतो. ज्यानं झील धरली, त्याचा हात मग खिशातही चटकन जातो.

गाडगेबाबांनी हे पुरतं ओळखलं होतं. कीर्तनात ते लोकांनाच प्रश्न विचारत, त्यांच्याकडूनच उत्तर घेत, नामाचा गजर सगळ्यांकडून करवत. अशा कीर्तनांतून मिळालेल्या देणग्यांवर नाशिक, देहू, आळंदी इथं धर्मशाळा झाल्या. आमचीच भीमा पुढं पंढरपुरात चंद्रभागा म्हणवते. तिथं 1917 साली चोखामेळा धर्मशाळा उभी राहिली. ज्या वारकऱ्यांना विठ्ठलाच्या देवळात पाऊल टाकू देत नसत, त्यांना निदान डोक्यावर छप्पर मिळालं. 1949 मध्ये बाबांनी ही वास्तू डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली.

पैसा गोळा करणं त्या मानानं सोपं, असं मला वाटतं. तो हातावेगळा करणं अवघड. बाबांनी विश्वस्त नेमले, कारभार त्यांच्याकडे दिला आणि स्वतःच्या नातलगांना त्यात हक्क ठेवला नाही. गावातल्या आजाऱ्यासाठी असो की दूरच्या पूरग्रस्तांसाठी, आमच्याकडेही ताटातली रक्कम सगळ्यांसमोर मोजतात. मोजणारा मात्र पेटीवाला नसतो, टाळकरीही नसतो.