डोक्याच्या मारानंतरचे बोलणे

डोक्याला जबर मार बसलेला माणूस शुद्धीवर येऊन स्वतःचे नाव, गाव, मुलांची नावे सांगू लागला की घरच्यांचा जीव भांड्यात पडतो. टाके सुकतात, डिस्चार्ज मिळतो. खरी अडचण दिसू लागते ती घरी आल्यावर. शब्द जागेवर असतात, उच्चार स्वच्छ असतात, तरी गप्पा जुळत नाहीत. एकच गोष्ट चारदा सांगितली जाते, साध्या प्रश्नाला भलतेच उत्तर येते, चेष्टा कळत नाही. ‘हा पूर्वीसारखा राहिला नाही,’ एवढेच घरच्यांना सांगता येते, आणि हे निदान बहुधा अचूक असते. विचारशक्तीच्या बिघाडातून आलेल्या या संवाददोषाची शास्त्रात स्वतंत्र नोंद आहे.

मेंदू कवटीत द्रवाच्या आधाराने असतो. वेगातली दुचाकी एकदम थांबली की कवटी थांबते, मेंदू मात्र पुढे जाऊन हाडावर आदळतो. डोळ्यांच्या वरचे आणि कानशिलांच्या आतले हाड खडबडीत असल्याने कपाळामागचा व कानशिलामागचा भाग सर्वाधिक दुखावतो. लक्ष टिकवणे, आखणी करणे, तोंडावर आलेला शब्द आवरणे, नवे लक्षात ठेवणे ही कामे मुख्यतः याच भागांवर अवलंबून असतात. शिवाय धक्क्याच्या पिळाने मेंदूतले लांब तंतू ताणले जातात, तुटतात. ही इजा पहिल्या सीटी स्कॅनमध्ये अनेकदा दिसतच नाही. ‘स्कॅन नॉर्मल आहे’ या वाक्यावर म्हणूनच फार विसंबू नये.

पाम बीच मार्ग, सायन-पनवेल महामार्ग आणि कळंबोलीहून सुटणारा पुण्याचा द्रुतगती मार्ग ज्या शहराच्या अंगाखांद्यावर आहेत, त्या नवी मुंबईला हा विषय परका नाही. बांधकामाच्या परांचीवरून पडणारे मजूर वेगळेच. 2022 साली देशात रस्ते अपघातांत 1,68,491 माणसे दगावली, महाराष्ट्रात 15,224. जे वाचले त्यांच्यापैकी कितीजणांचे बोलणे-वागणे बदलले, हे असल्या आकड्यांत उतरत नाही.

इजेची तीव्रता ग्लासगो कोमा स्केलने मोजतात. 1974 मध्ये ग्लासगोच्या टीसडेल आणि जेनेट या डॉक्टरांनी ही मोजपट्टी मांडली. डोळे उघडणे, बोलणे आणि हालचाल यांना मिळून 3 ते 15 गुण असतात. 13 ते 15 म्हणजे सौम्य इजा, 8 किंवा त्याखाली म्हणजे गंभीर. पण ही मोजपट्टी शुद्धीची आहे, संवादाची नव्हे. ‘सौम्य’ गटातल्या काहींनाही पुढे महिनोन्‌महिने लक्ष लागत नाही, शब्द आठवत नाहीत.

वाचाघात या संवाददोषाहून वेगळा. त्यात भाषेच्या यंत्रणेलाच धक्का बसतो. शब्द सापडत नाहीत किंवा ऐकलेले कळत नाही. इथे भाषा शाबूत असते, ती वापरण्याचे भान सुटते. समजा, एपीएमसी बाजारातल्या व्यापाऱ्याला विचारले, ‘लोणंदच्या गाडीत किती गोण्या आल्या?’ तर तो ड्रायव्हरपासून सुरुवात करतो, घाटातल्या पावसावर जातो, तिथून मेव्हण्याच्या लग्नावर, आणि गोण्या राहूनच जातात. दुसरा एखादा ‘हो’, ‘नाही’ यापुढे जात नाही. बोलणे सुरू करण्याची उमेदच उरलेली नसते. उशिरा उठल्यावर ‘आज फारच लवकर उठलात!’ असा टोमणा आला तर कोणी ते कौतुक समजून सुखावतो. कोणी साहेबांना ‘तू’ म्हणून मोकळा होतो. स्मृतीतली भोके मेंदू आपल्याच मनाने बुजवतो, आणि न घडलेले प्रसंग रुग्ण शपथेवर सांगतो. हा खोटेपणा नव्हे. त्याला स्वतःला ते खरेच वाटत असते.

दवाखान्यात हे पटकन उघडे पडत नाही, कारण डॉक्टरांचे प्रश्नच उत्तराला चौकट पुरवतात. शांत खोली, समोर एकच माणूस, एकावेळी एकच प्रश्न. घरी मात्र टीव्ही, कुकरची शिट्टी आणि तिघांचे एकदम बोलणे. त्यामुळे पत्नीने किंवा आईने सांगितलेल्या हकिकतीला तपासणीइतकेच वजन हवे. म्हणींचा अर्थ विचारण्याची जुनी पद्धत आहे. ‘नाचता येईना अंगण वाकडे’ याचा अर्थ ‘अंगण सपाट करून घ्यावे’ असा सांगितला गेला तर लाक्षणिक अर्थ निसटत असल्याची शंका येते. पण नेरूळमधल्या मल्याळी माणसाला ही म्हण घालून काय कळणार? नवी मुंबईत आगरी, मराठी, हिंदी, तमिळ बोलणारे एकाच रांगेत बसतात, आणि प्रमाणित चाचण्या बहुतेक इंग्रजी भाषकांसाठी रचलेल्या आहेत. तपासणी रुग्णाच्या घरच्या भाषेत व्हायला हवी.

सुधारणा पहिल्या काही महिन्यांत वेगाने होते. नंतर वेग मंदावतो, पण ती थांबतेच असे नाही. स्पीच थेरपिस्ट आणि न्यूरोसायकॉलॉजिस्ट दोन अंगांनी काम करतात: सराव आणि आधार. एकच वही, मोबाईलचे गजर, किल्ल्यांची ठरलेली जागा या साध्या गोष्टी बिघडलेल्या स्मरणशक्तीचा बराच भार उचलतात. आजूबाजूच्यांची बोलण्याची रीत बदलणेही तितकेच मोलाचे. सिडनीच्या लीन टोघर आणि सहकाऱ्यांनी 2004 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात प्रशिक्षण रुग्णांना नव्हे, पोलिसांना दिले होते. तयार झालेल्या पोलिसांशी फोनवर बोलताना मेंदूला इजा झालेल्या माणसांचे बोलणे अधिक मुद्द्याला धरून झाले. आपल्याकडे भेटायला येणारा प्रत्येकजण ‘ओळख बघू, मी कोण?’ म्हणून परीक्षा घेतो. त्याऐवजी ‘मी सुरेशमामा, ठाण्याहून आलोय,’ असे सांगून सुरुवात केली तर निम्मा ताण उतरतो.

उपचारांसाठी बांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था (स्थापना 1983) आणि हाजी अलीची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था (1955) या सरकारी जागा आहेत. खारघरला राष्ट्रीय बौद्धिक दिव्यांगजन संस्थेचे विभागीय केंद्र आहे, पण त्याचे मुख्य काम बौद्धिक दिव्यांगांसाठी. गोंगाट सहन न होणाऱ्या माणसाला, बहुधा वडाळ्याला गाडी बदलून, हार्बरने बांद्र्याला नेणे ही वेगळीच कसरत.

कागदोपत्रीही हा माणूस मधल्या फटीत पडतो. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकार आहेत. वाचाघात त्यात वाचा व भाषा दिव्यांगत्वात येतो, मेंदूच्या इजेला मात्र स्वतंत्र प्रकार नाही. भरपाईच्या दाव्यांत थोडी वेगळी वाट आहे. अवयवाच्या अपंगत्वाची टक्केवारी म्हणजेच कमाईतली घट नव्हे, त्या माणसाच्या कामावर झालेला परिणाम पाहावा, असे सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये स्पष्ट केले. हातपाय धड असलेल्या, पण दहा गोण्यांचे वजन डोक्यात धरून ठेवता न येणाऱ्या मापाड्याच्या बाबतीत हा फरक मोठा ठरतो. तो दाखवायचा तर स्कॅनच्या जोडीला स्मृती, लक्ष आणि संवाद यांच्या तपासणीचा लेखी अहवाल हाताशी असावा लागतो.