शिरेतून पोषण : पेटीतलं बाळ उपाशी नसतं

अठ्ठाविसाव्या आठवड्यात जन्मलेलं, जेमतेम किलोभर वजनाचं बाळ एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात जातं आणि बाहेर बसलेले नातेवाईक एकमेकांना सांगतात, "अजून काही देत नाहीत, नुसतं सलाईन चालू आहे." आजीचा जीव तुटतो. बाळाला उपाशी ठेवलंय, हा घरच्यांना सगळ्यात जास्त छळणारा गैरसमज.

गर्भात चरबी आणि खनिजं साठतात ती मुख्यतः शेवटच्या तीन महिन्यांत. लवकर आलेल्या बाळाकडे ही शिदोरी जवळजवळ नसतेच. काहीच मिळालं नाही तर किलोभराच्या बाळाचा साठा चारेक दिवसांत संपतो. चोखणं, गिळणं आणि श्वास यांचा मेळ साधारण ३४ आठवड्यांच्या सुमारास बसतो, आणि आतडीही इतक्यात पूर्ण दूध पेलू शकत नाहीत. म्हणून अन्न थेट रक्तात दिलं जातं. डॉक्टर त्याला टीपीएन म्हणतात. त्यात ग्लुकोज, प्रथिनांचे घटक असलेली अमिनो आम्लं, स्निग्धांश, कॅल्शियम, फॉस्फरस, इतर क्षार आणि जीवनसत्त्वं असतात.

नुसत्या ग्लुकोजवर का भागत नाही, ते आकड्यांतून कळतं. दहा टक्के ग्लुकोजचं ८० मिलि द्रावण किलोभराच्या बाळाला दिवसाला सुमारे २७ कॅलरी देतं. वाढीसाठी लागतात ९० ते १२०. शिवाय त्यात प्रथिनं नसल्याने बाळ स्वतःचेच स्नायू जाळू लागतं. शरीरातलं जवळपास एक टक्का प्रथिन रोज घटतं. पूर्वी अमिनो आम्लं द्यायला काही दिवस थांबत. आता ती जन्मानंतर पहिल्या दिवशीच सुरू करतात, आणि ते योग्यच आहे.

सिरिंजमधलं पांढरं द्रव पाहून "दूध शिरेत सोडलं" असं काहींना वाटतं. ते दूध नसतं. सोयाबीन, ऑलिव्ह किंवा माशाच्या तेलाचे अतिसूक्ष्म थेंब पाण्यात मिसळलेले असतात, म्हणून ते पांढरं दिसतं. दूध शिरेत कधीच देत नाहीत. ते नाकातून किंवा तोंडातून पोटात गेलेल्या वेगळ्या नळीने जातं. बाटलीवर आणि नळीवर गडद आवरण असतं तेही काही लपवण्यासाठी नाही. उजेडामुळे जीवनसत्त्वं आणि स्निग्धांश खराब होतात.

हा नवा प्रयोगही नव्हे. डॉ. स्टॅन्ली डड्रिक यांनी अमेरिकेत आधी बीगल जातीच्या कुत्र्यांची पिल्लं निव्वळ शिरेतल्या पोषणावर वाढवून दाखवली. मग १९६७ मध्ये फिलाडेल्फियात आतडं जवळजवळ नसलेल्या एका तान्ह्या मुलीला असंच पोषण दिलं, आणि तिचं वजन वाढू लागलं.

धोके आहेत, ते नाकारण्यात अर्थ नाही. दाट द्रावण नाभीतल्या शिरेतून किंवा हातातून हृदयाजवळच्या मोठ्या शिरेपर्यंत नेलेल्या बारीक नळीतून देतात, आणि त्या नळीतून जंतुसंसर्ग होऊ शकतो. कित्येक आठवडे चाललं तर यकृतात पित्त साठून कावीळ होऊ शकते. ही पहिल्या आठवड्यातली नेहमीची कावीळ नव्हे. बाळाची शी पांढुरकी दिसली तर लगेच सांगा. पण म्हणून टीपीएन नाकारणं म्हणजे बाळाची वाढ रोखणं. "डोस वाढवा, वजन लवकर वाढेल" हा आग्रहही चुकीचा. साखर जास्त झाली तर रक्तातली पातळी बिघडते, म्हणून तर वारंवार रक्त तपासतात. आणि पहिल्या काही दिवसांत वजन थोडं उतरतंच, कारण अंगातलं जादा पाणी कमी होत असतं.

मला सगळ्यात घातक वाटतो तो गैरसमज आईच्या बाबतीतला : "शिरेतून सगळं मिळतंय, तुझ्या दुधाची आत्ता गरज नाही." आतड्याला अन्नाचा स्पर्शच झाला नाही तर त्याचं अस्तर पातळ होतं. म्हणून बाळ स्थिर असेल तर पहिल्या एक-दोन दिवसांतच पोटात दूध देतात, किलोमागे दिवसाला १० ते २० मिलि. किलोभराच्या बाळाला दर दोन तासांनी एक मिलि, म्हणजे दिवसाला १२. हे पोट भरण्यासाठी नसतंच, ते आतडं तयार करण्यासाठी असतं. आतड्याचा दाह होऊन ते सडण्याचा जो भयंकर आजार या बाळांना होतो, तो आईच्या दुधावर कमी आढळतो. दूध वाढत जातं तसं टीपीएन उतरवत शेवटी बंद करतात, आणि आतडं जितकी लवकर साथ देईल तितकी शिरेतली नळी लवकर निघते.

आईचं दूध अपुरं पडलं तर दुधाच्या पेढीतलं, दुसऱ्या मातांनी दिलेलं दूध मिळू शकतं. आशियातली पहिली अशी पेढी डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात सुरू केली.

म्हणून घरच्यांना विनंती आहे. बाळ पेटीत असलं तरी आईला पहिल्या काही तासांतच चीक काढायला बसवा. दिवसरात्र मिळून आठ वेळा तरी दूध काढलं पाहिजे, रात्रीसुद्धा. तिला वेळेवर जेवायला द्या, जरा झोपू द्या. घुटी, मध, वरचं दूध यांचा हट्ट धरू नका. आणि डॉक्टरांना रोज एक प्रश्न जरूर विचारा : आज पोटातून किती मिलि गेलं?